शिट्टीबाईंची दाढ

शाळेत त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत. एकतीस वर्षं खेळ शिकवत होत्या. त्यांची शिट्टी वाजली की मैदानावरची दोनशे पोरं जागच्या जागी थांबायची.

वरची उजवी दाढ वर्षभर ठणकत होती. शेवटी एका शुक्रवारी त्यांनी ती काढून टाकली. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दोन आठवडे नाक शिंकरू नका, कशात फुंकू नका." बाईंनी मान डोलावली. पण सोमवारपासून स्पर्धेचा सराव होता, बदली शिक्षक मिळेना. बाई उन्हात उभ्या राहिल्या आणि दिवसभर शिट्टी फुंकत राहिल्या.

बुधवारी पाण्याचा घोट घेतला तर ते नाकातून बाहेर आलं. ठसका लागला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. दुपारी शिट्टी तोंडात धरली तर नुसतं फुस्स. हवा नाकातून निसटत होती. एक मुलगी हसली, मग सगळीच हसली. बाईही कसनुशा हसल्या.

पुढे गाल जड झाला. बुटाची नाडी बांधायला वाकलं की डोळ्याखाली कळ यायची. नाकात सतत घाण वास.

"चहा नाकातून येतोय तुझ्या," नवरा म्हणाला.

"येऊ दे. स्पर्धा झाली की बघू."

"स्पर्धा दरवर्षी असते," तो म्हणाला आणि त्यांना रिक्षात बसवून घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "इथे गालाच्या हाडात पोकळी असते, सायनस. तुमच्या दाढेची मुळं तिला टेकली होती. दाढ निघताना मध्ये भोक पडलं, फुंकून ते वाढलं. आत पू झालाय."

"मुळं टेकली होती हे आधी सांगायचं नाही का?" बाई म्हणाल्या.

"सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

बाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या. हे ऐकल्यावर भांडायचंही त्राण उरलं नाही.

आधी गोळ्या झाल्या. मग मोठ्या दवाखान्यात हिरडी ओढून भोकावर शिवली. पंधरा दिवस दोन उशांवर डोकं ठेवून झोपायचं, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. आयुष्यात गॅस न पेटवलेला नवरा रोज काहीतरी पातळ, बेचव शिजवायचा. बाई मुकाट्याने खायच्या आणि दुपारी गाढ झोपायच्या. इतकी झोप साठलेली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

टाके निघाले. जखम भरली होती, पाणी नीट घशात जात होतं. गाल मात्र सकाळी अजून बधिर असायचा. स्पर्धा त्यांच्याशिवाय पार पडली होती, कुणाचं काही अडलं नव्हतं.

मुख्याध्यापिकांचा फोन आला. "कधी येताय?"

"सोमवारी," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"अहो, मुदतीआधी निवृत्ती घ्यायची तर अर्ज कुणाकडे करतात?"

नवऱ्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "विचारून सांगतो," म्हणाला, आणि चष्मा शोधायला लागला.