वामनचा ‘चाबूक’ आणि सातवं रीळ

आमच्या आळीचा पंच रामचंद्र वारला त्याला खूप वर्षं झाली. माझा राग तेवढा जिवंत आहे.

वामन माझा धाकटा भाऊ. आमच्या दिवाळे गावाहून होडीने मासळी घेऊन मुंबईला भाऊच्या धक्क्याला जायचा आणि येताना मारामारीचा पिक्चर बघून यायचा. तलवारी, घोडे, बुरखेवाला डाकू. शिकलेली माणसं ज्याला नाक मुरडतात, तेच याला प्यारं. सन एकोणसाठला त्याने त्या पिक्चरांचं मासिक काढलं. नाव ‘चाबूक’.

छापखाना म्हणजे माझी परात, आईने लग्नात दिलेली. घोळ माशाच्या पोटात फुग्यासारखी पिशवी असते, तिला आम्ही भोत म्हणतो. व्यापारी ती हातोहात उचलतात. हा पठ्ठ्या भोत शिजवून, त्यात ग्लिसरीन घालून परातीत ओतायचा. खरवसासारखं थलथलीत व्हायचं. जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्यावर पालथा दाबायचा, की अक्षरं आत उलटी उमटायची. मग कोरे कागद एकेक करून लावायचे आणि उचलायचे. तीस-चाळीस निघायचे. सुकायला बोंबलांच्या शेजारी वलांडीच्या काठीवर. वाचणाऱ्याच्या हाताला दोन दिवस वास.

मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण ‘चाबूक’ अक्षर लावून लावून वाचायची.

बेलापूरला तंबूतला सिनेमा यायचा. वामनने मुंबईत आख्खा बघितलेला पिक्चर तिथे परत बघितला आणि भडकला. तंबूवाला शेठ दुसरा खेळ लवकर लावायला मधलं रीळच खायचा! वामनने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सातवं रीळ कुठे आहे? पैसे पुऱ्या पिक्चरचे घेता.’

पहिला अंक त्याने शेठच्याच हातात दिला. शेठ तडक रामचंद्राकडे. त्याने देवळाच्या छपराला पत्रे कबूल केले आणि रामचंद्राला पुढच्या खुर्चीचा फुकट पास. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे बैठक. बाकीचे सगळे अंक रामचंद्राने वाटायच्या आधीच चुलीत घातलेले, परात मधोमध.

“वामन्या, देवाच्या कामात खोडा घालतंस? तुझ्या हातानं टाक ती खाडीत.”

“काका, खोटं काय लिवलंय ते सांगा.”

“तोंड वर करून बोलतो! आता कागूद कुठं हाय तुजा? दाखव!”

वामनने खाली बघून परात उचलली. माझं डोकं फिरलं. त्या शाई-ग्लिसरीनच्या पैशांसाठी तो पोर पावसाळाभर एका सदऱ्यावर राहिला होता.

मी म्हटलं, “ठेव खाली. शाई हाय अजून तिच्यात.”

“धोंडू, बायकांनी मधी बोलू नये.”

“बोलत नाय, काका. छापते.”

माझ्या टोपलीत सुका जवळा बांधायचे कोरे कागद होते. एक दाबला, उचलला. ‘सातवं रीळ कुठे आहे?’ दुसरा. तिसरा. नवव्याला अक्षरं भुरकट झाली, पण शेजारची सगुणा म्हणाली, “दे गं, मला पाठ हाय.” एकेक कागद जमलेल्या बायांच्या पदरात गेला. रामचंद्र नुसता ओरडत राहिला. शेवटी परात त्याने स्वतःच खाडीत फेकली. माझी परात! माहेरची!

त्याच दिवशी दिवेलागणीच्या खेळाला आम्ही बाया पुढे जमिनीवर बसलो. सहावं रीळ संपलं. हिरो कड्यावर लटकत होता, तो एकदम बोटीत बसलेला दिसला.

“कडा कुठं गेला रे?” सगुणा ओरडली. कागद फडकवत सगळ्या उभ्या राहिल्या. पडद्यावर आमच्या अंबाड्यांच्या सावल्या. “सातवं लाव! पुरे पैसे दिलेत!” मागून पुरुषही ओरडायला लागले. शेठने हात जोडले आणि सातवं लावलं.

काय होतं त्यात? हिरो कड्यावरून खाली आला, डाकूला धुतला, आणि धुता धुता त्याची मिशी अर्धी सुटली. तंबू हसून लोळला. वामन मात्र हसता हसता डोळे पुसत होता. मला म्हणाला, “बाय, हेच बग. हेच मी लिवलं व्हतं.”

पुढच्या घोळीचा भोत मी कुणा व्यापाऱ्याला दिला नाही, नव्या परातीत ओतायला वामनला दिला. ‘चाबूक’ आणखी चार वर्षं चालला.

आणि त्या मिशीला सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल? पुढच्या खुर्चीतला रामचंद्र, फुकट पासावर. माझ्या परातीबद्दल मेल्याने मरेपर्यंत एक शब्द काढला नाही.