मलावीतली फ्रॉस्ट लाइन

"इंजिनिअर नितीन, पाइप इतका खोल का पुरायचा? आमच्या जमिनीत काही आहे का?"

मलावीतल्या एका गावातून ग्रेसबाई व्हिडिओ कॉलवर विचारत होत्या. त्या तिथल्या पाणी कमिटीच्या अध्यक्ष. मी कॅनडात, कॅल्गरीतल्या ऑफिसात, जॅकेट घालून. पोटासाठी तेलाच्या पाइपलाइन डिझाइन करतो. हे काम एका संस्थेसाठी फुकट, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान.

काम सोपं होतं. टेकडीवरच्या टाकीपासून दवाखान्यापर्यंत पाइप. तिथे बाळंतिणींसाठीसुद्धा पाणी डोक्यावरून आणावं लागे. चर गावकरीच खणत होते. पण पेरणी सुरू झाली की सगळे शेतात जाणार आणि पाणी पुढच्या वर्षावर.

"खोली ड्रॉइंगप्रमाणेच ठेवा," मी ऐटीत म्हणालो. "त्यामागे कारण असतं."

"कोणतं?" शेजारून माझ्या बॉसने, डगने विचारलं.

मी ड्रॉइंग उघडलं. पुरुषभर खोल चर आणि माझीच टीप: 'फ्रॉस्ट लाइनच्या खाली.' हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते, ती फ्रॉस्ट लाइन. पाइप तिच्या वर राहिला तर आतलं पाणी गोठून तो फुटतो. कॅल्गरीत. मी इथलंच ड्रॉइंग घेऊन गावाचं नाव बदललं होतं.

"नितीन, डझ इट स्नो देअर?"

मी नागपूरचा. मे महिन्यात नळाच्या पाण्याने पोळलेला माणूस. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, फ्रॉस्ट लाइनच्याही खाली.

"सॉरी, ग्रेसबाई. मांडीभर खोल पुरे. मी थंडीचा विचार केला होता."

कमिटी हसत सुटली. ग्रेसबाई हसल्या नाहीत. "लोकांच्या हातांना फोड आलेत. त्यांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"ते आधीच सांगितलंय."

गावकऱ्यांनी उरलेला चर झपाट्याने खणला. पेरणीच्या तोंडावर व्हिडिओ आला: दवाखान्यातली नर्स नळाखाली हात धुतेय, मागे ग्रेसबाई, या वेळी हसऱ्या. माझे डोळे भरून आले. मी किचनमध्ये बायकोला, मधुराला, तो दाखवतच होतो, तेवढ्यात बेसमेंटमधून लेक ओरडली, "डॅड, व्हाय इज द कार्पेट वेट?"

घराबाहेरच्या नळाचा व्हॉल्व्ह थंडीआधी आतून बंद करायचा असतो. मी विसरलो होतो. पाइप गोठून फुटला होता. त्या दिवशी जरा ऊन पडलं, आतला बर्फ वितळला आणि पाणी घरात आलं.

मधुरा म्हणाली, "मलावीत बरी आठवली तुला थंडी!"

तेव्हापासून ड्रॉइंगवर सही करण्याआधी मी विचारतो, हे बसवायचंय कुठे? घरचा व्हॉल्व्ह मधुरा बंद करते.