माधव नगरची हेझलताई

नाटक बसायला दोन महिने लागतात आणि संपायला चाळीस मिनिटं. उरतात ते किस्से! आमच्या माधव नगरच्या नाट्यमंडळाचे तर इतके साठलेत, की हल्ली नवीन माणूस तालमीला आला की आधी त्याला चहा देतो, मग किस्से ऐकवतो, आणि तरीही टिकला तर भूमिका देतो. यंदाच्या मोसमाने मात्र सगळ्यांवर कडी केली, कारण यंदा आम्ही थेट हॉलिवूड केलं. उज्जैनात, मराठीत आणि दत्ताच्या देवळात!

* * *

सुरुवात अण्णांनी केली. अण्णा म्हणजे आमचे दिग्दर्शक, बांधकाम खात्यातून निवृत्त. मोबाइलवर एका म्हाताऱ्या अमेरिकन नटीची मुलाखत बघून ते अक्षरशः धावत आले. नटीचं नाव हेझल वॉर्डलो. वडील लाँड्रीत कामाला, ही एकोणिसाव्या वर्षी घर सोडून हॉलिवूडला गेली, आणि पुढची अकरा वर्षं तिने काय केलं? नुसती उभी राहिली! मोठ्या हिरॉइनवर दिवे लावायचे, तर तासभर तिच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं. दिवे लागले की हिने बाजूला व्हायचं आणि हिरॉइनने येऊन शॉट द्यायचा. बाराव्या वर्षी एक हिरॉइन रुसून निघून गेली. दिग्दर्शक वैतागून हिला म्हणाला, तूच बोल. आणि हिला अख्खं काम पाठ! तिथून जी सुटली ती साठीत मोठं बक्षीस घेऊनच थांबली. आता नव्वदीला टेकलीय आणि चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तरं देते.

एकांकिका स्पर्धेसाठी याहून चांगला विषय कुठला? मी बँकेतून रजा टाकून आठवड्यात संहिता लिहून काढली. वाचन झालं तेव्हा आम्ही आठही जणांनी उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या होत्या. हेझलची तर लगेच हेझलताई झाली. चहा पिऊन सगळे निघाले, सुलभावहिनी तेवढ्या थांबल्या.

सुलभावहिनी आमच्या प्रॉम्प्टर. शाळेत संस्कृत शिकवतात. सोळा वर्षं विंगेत खुर्ची टाकून बसतात आणि आम्ही विसरलेली वाक्यं हळू आवाजात पुरवतात. स्टेजवर एकदाही आलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अण्णा, हेझल मला करायची आहे."

सोळा वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. अण्णा गडबडले. इतकी चांगली प्रॉम्प्टर दुसरी आणू कुठून, म्हणाले. शिवाय आपली मृणाल आहे. उंच, गोरी, इंग्रजी फाडफाड, अमेरिकन शोभेल. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. मी लेखक असून गप्प राहिलो, याची मला अजून लाज वाटते.

* * *

गाऊन शिवायला देवास गेटच्या मास्टरजींकडे गेलो. त्यांचं सगळं आयुष्य देवांचे पोशाख शिवण्यात गेलेलं. मी हेझलताईंचा बक्षीस घेतानाचा फोटो पुढे केला. मास्टरजींनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "ये कौन-सी माताजी हैं?"

मी सांगितलं, अमेरिकेची नटी आहे, आणि पाठ अशीच उघडी ठेवायची आहे. त्यांना माझी दया आली. "कपड़ा कम पड़ गया होगा बेचारी को," ते म्हणाले. "आप चिंता मत करो, मैं पूरा बिठा दूँगा."

आणि बसवलं! पाठ मानेपर्यंत झाकलेली, शिवाय खालच्या घेराला चार बोटं सोनेरी गोट्याची किनार. मृणाल तो घालून चालत आली तेव्हा आमच्यापैकी दोघांचे हात आपसूक जोडले गेले.

* * *

तालमी दत्तमंदिराच्या सभागृहात चालायच्या. त्यामुळे आमचं हॉलिवूड अनवाणी. तालीम सातला सुरू आणि आरती साडेसातला. नाटकात मी स्टुडिओचा निर्माता होतो, आणि "चालती हो माझ्या स्टुडिओतून!" हे माझं वाक्य रोज नेमकं आरतीच्या घंटेवर यायचं. मग अख्खं हॉलिवूड हात जोडून उभं राहायचं, टाळ्या वाजवायचं, खडीसाखर खायचं, आणि त्यानंतर मी हेझलताईंना उरलेलं हाकलायचो. दोन महिने हेच.

रंगीत तालीम दुसऱ्या हॉलमध्ये होती. मी गरजलो, "चालती हो माझ्या स्टुडिओतून!" मृणाल जागची हलेना. मीही पुढे बोलेना. स्टेजवरचे पाचही जण हात जोडून उभे, घंटेची वाट बघत! खालून अण्णांचा आवाज आला, "अरे इथे आरती नाहीये यार, हाकल ना तिला!"

* * *

मृणाल गुणी आणि मेहनती, पण तिसऱ्या पानाशी तिची गाडी हमखास अडायची. तशी काळजी नव्हती, कारण विंगेत वहिनी होत्या. पंचाईत एवढीच की वहिनी वाक्य नुसतं देत नाहीत, त्या ते जगून देतात.

एकदा मृणाल अडली आणि विंगेतून हळूच आलं, "अकरा वर्षं तुमच्या दिव्यांत उभी आहे मी. आता तरी माझा चेहरा बघा." माझ्या अंगावर काटा आला. मी सरळ विंगेकडे वळलो आणि माझं उत्तर तिकडेच दिलं. वहिनींनी तिथून पुढचं वाक्य टाकलं. मी त्याचं उत्तर दिलं. असं पानभर चाललं! मृणाल मध्ये उभी राहून आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

अण्णा ओरडले, "विनायक, हिरॉइन इकडे आहे!"

मृणालच हसून म्हणाली, "असू द्या ना अण्णा. मी पण बघतच राहून गेले."

* * *

आणि स्पर्धेच्या चार दिवस आधी मृणालला ताप भरला! दिवे तर त्याच दिवशी लावायचे होते, आणि लाइटवाल्याला तिच्या जागी उभं राहायला कुणीतरी हवं होतं. वहिनी उठून उभ्या राहिल्या. चांगला तासभर. मग अण्णा म्हणाले, उभ्याच आहात तर वाक्यंही म्हणून टाका. वहिनींनी संहिता खुर्चीवर ठेवली आणि अख्खी एकांकिका केली. लाइटवाला दिवे बदलायचे विसरून नुसता बघत बसला.

या वेळी मी बोललो. म्हटलं, अण्णा, वहिनींनाच करू द्या. "मृणालने दोन महिने घातलेत रे," अण्णा म्हणाले. "ताप उतरून गेला तर त्या पोरीला काय सांगू?"

ताप उतरला. स्पर्धेच्या सकाळी मृणाल आली, पांढरीफटक. वहिनींनी तिला हाताला धरून स्टेजवर नेलं. "दोन पावलं डावीकडे राहा," म्हणाल्या. "तिथे प्रकाश चांगला पडतो." आणि विंगेतल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मला वाईट वाटलं आणि मला अण्णांचा रागही आला, पण मृणालकडे बघून कुणाला काही बोलवेना.

* * *

प्रयोग मात्र दणक्यात झाला! उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, गाऊनला वेगळ्या टाळ्या पडल्या. व्हिडिओ माझ्या बायकोने काढला. पुढच्या रांगा परीक्षकांच्या, म्हणून ती पार डाव्या कोपऱ्यातून मोबाइल धरून उभी होती. त्यामुळे पडद्यावर दोन हिस्से स्टेज आणि एक हिस्सा पलीकडची विंग. अण्णा भडकले. विंग कापून टाका म्हणाले, पण तोवर मृणालने तो हेझलताईंना ईमेलने पाठवूनही दिला होता. सोबत लिहिलं होतं, उज्जैनच्या मराठी मंडळींनी तुमचं आयुष्य स्टेजवर आणलंय, बघा आणि कसं वाटलं ते कळवा.

दीड महिना काही नाही. मग एका रविवारी सकाळी मृणालचा फोन, "उत्तर आलंय! सगळे देवळात या!" मी अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. अण्णा तर स्कूटरला किल्ली विसरून आले.

मृणाल एकेक वाक्य वाचत होती आणि मराठीत सांगत होती. हेझलताईंनी सगळ्यांचे आभार मानले होते. असा गाऊन आपल्याला जन्मात मिळाला नाही, असंही लिहिलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मृणाल मध्येच थांबली. तिने पुढचं मनातल्या मनात दोनदा वाचलं. अण्णा म्हणाले, पुढे काय आहे ते सांग ना.

"त्यांनी लिहिलंय," मृणाल सावकाश म्हणाली, "भाषा मला कळली नाही. पण उजवीकडे खुर्चीवर कागद घेऊन बसलेली बाई कोण आहे? मी शेवटपर्यंत तिच्याकडेच बघत होते. मी म्हणजे तीच ना?"

मृणालने मोबाइल सुलभावहिनींच्या हातात दिला. वहिनींनी चष्मा लावला, उभ्या राहिल्या, आणि ते पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्या आवाजात वाचायला लागल्या.