माझ्या छातीइतकी उंची

मी नववीत शाळा सोडलेली, हिंगोलीकडची. नाशिकला कशी येऊन पडले, ते राहू द्या. पेठच्या डोंगरात झाडं मोजायचं काम एका मॅडमनी दिलं, ते उपकार अजून मानते. छातीच्या उंचीवर बुंध्याला टेप गुंडाळायची, घेर ओरडून सांगायचा. मॅडम खालच्या सपाटीवर बसून लिहून घेत. घेरावरून झाडाचं वजन काढतात, वजनावरून त्यातला कार्बन. म्हणजे उभ्या झाडात कोळसा असतो की काय, हे मला कळेना. विचारायची भीती. काढून टाकलं तर?

आमच्या वाट्याला गावाचं जंगल. तिथले लोक दरवर्षी ऐनाच्या फांद्या छाटतात, वाळवून वाफ्यात जाळतात आणि त्या राखेत नागलीचं रोप टाकतात. शेजारचं जंगल बंद, कुऱ्हाड न लागलेलं. ते दुसरी तुकडी मोजत होती. दोन्हींचा कार्बन ताडून पाहून छाटणी चालू द्यायची की थांबवायची, ते ठरणार होतं. वनसमितीच्या ज्या बाबांकडे मी जेवायचे, ते रोज विचारायचे, आमचं झाड किती भरलं म्हणून.

आकडे आले तर गावाचं जंगल भारी. बाबांनी मला दोनदा भाकरी वाढली. "बोडक्या झाडांनी बाजी मारली, पोरी. आता कोण अडवतो आमाला?"

मॅडम मात्र आकडे पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या. फांद्या नसलेलं झाड जास्त जड कसं? मलाही उलगडेना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तुकडीतला माणूस ताळा घ्यायला आमच्याकडे आला आणि त्यानं टेप माझ्या डोळ्यांच्याही वर गुंडाळली. मी म्हटलं, छातीला धरा ना. तो हसला. "कोणाच्या छातीला? एक मीटर सदतीस सेंटिमीटर, सगळ्यांना तेच."

मी बुटकी, आणि सगळी झाडं माझ्या छातीशी मोजली होती. खाली बुंधा जाडच असतो.

सांगितलं तर काम जाईल आणि बाबांची छाटणीही. नाही सांगितलं तर खोट्या आकड्यावर सगळं ठरेल. शेवटी बाबांच्या अंगणातच, ते समोर असताना, मॅडमना सांगून टाकलं.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, चूक माझीही, मी खाली बसून राहिले. पुन्हा मोजू, मापाची काठी लागेल. आणि घेरावरून वजन काढायचे तक्तेही अख्ख्या, न छाटलेल्या झाडांचे, बोडक्यांना कितपत लागू पडतात देव जाणे. मग खरा आकडा कुठला? मला अजूनही समजलेलं नाही.

बाबा उठून आत गेले. मला वाटलं, झालं, संपलं. ते कोयता घेऊन आले, एक सरळ फांदी तासली आणि माझ्यापुढे धरली.

"खूण कुठं करू, ते दाखव."

मी टेप लावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काठी त्यांनीच धरली. चढावर, काट्यांत, प्रत्येक ऐनाशी. एकदाही खाली सरकू दिली नाही. माझ्याशी मात्र दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. जेवायला हाक मारली, तेवढीच.