गुगलच्या पहिल्या पानावर किसनमामा

"ताई, आपली वेबसाइट पह्यल्या नंबरावर हाय. तुमीच पाहा."

सुखदेवरावांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. खरंच पहिल्या नंबरावर होती. कारण त्यांनी सर्चच्या चौकटीत वेबसाइटचा अख्खा पत्ता टाइप केला होता, शेवटच्या डॉटकॉमसकट. पूर्ण पत्ता सांगितल्यावर घर सापडणारच. त्यात गुगलचं कौतुक नाही आणि वेबसाइटचंही नाही.

"मग गिऱ्हाइकं किती आली?" मी विचारलं.

"एकबी नाही." त्यांचा चेहरा उतरला. "म्हून तर बुलढान्याले आलो न तुमच्याकडं."

मी बुलढाण्यात हेच काम करते. लोक मला वेबसाइटवाल्या मॅडम म्हणतात. कामाचं नाव एसईओ. कोणी गुगलवर काही शोधलं, तर तुमची वेबसाइट वर दिसावी म्हणून करायची खटपट. पैसे भरून जाहिरात वर आणता येते, ते वेगळं. हे आपल्या गुणांवर वर यायचं काम आहे. सासूबाईंना एकदा समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे स्थळं दाखवण्यासारखंच की. मुलगी चांगली असून भागत नाही, चार जणांना कळावं लागतं." माझ्या व्यवसायाची याहून चांगली व्याख्या मला पुण्यातल्या कंपनीतही कोणी सांगितली नव्हती.

सुखदेवराव लोणारचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नोकरीभर सरोवर पाहायला आलेले लोक त्यांना विचारत, राहायची सोय कुठे आहे? निवृत्त झाल्यावर त्यांनी ती सोय स्वतःच करायचं ठरवलं. सरोवराच्या रस्त्याला घरची जागा होती. तिथे दोघा भावांनी मिळून लॉज बांधला आणि आईच्या नावावरून नाव ठेवलं वच्छलाई लॉज. धाकटा भाऊ रामदास शेती बघायचा. जागेत त्याचा निम्मा हिस्सा.

"रामदास म्हनते, दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावचं गिऱ्हाईक नाही आलं, तर खोल्यांत सोयाबीन भरतो," सुखदेवराव म्हणाले. "एक व्यापारी येऊन जागाबी पाहून गेला. ताई, आईच्या नावाची जागा हाय. तिच्यात पोते रचलेले मले पाहवनार नाही."

मी लॅपटॉप उघडला.

वेबसाइट उघडायला लागली. लागली म्हणजे लागतच राहिली. चहा आला, पिऊन झाला, तेव्हा कुठे वरून खाली एक फ्लेक्स उलगडला. हो, फ्लेक्सच. लॉजच्या उद्घाटनाचा बॅनर ज्याने छापला, त्याच फ्लेक्सवाल्याने वेबसाइटही करून दिली होती. बॅनरचा फोटो जसाच्या तसा वर चढवलेला. मधोमध फेट्यातले सुखदेवराव, बोट आभाळाकडे. कोपऱ्यात सरोवर, साधारण बशीएवढं. 'लोणार', 'लॉज', 'स्वच्छ खोल्या', 'गरम पाणी' हे सगळं त्या चित्रात रंगवलेलं. आणि चित्राखाली शुभेच्छुकांची नावं. बॅनरवर ती मावली नाहीत म्हणून टाइप केलेली. किसनमामांपासून सुरुवात, मग काका, साडू, व्याही, आजी-माजी सरपंच.

आता गंमत समजून घ्या. गुगलचा एक प्रोग्रॅम दिवसरात्र वेबसाइटी वाचत हिंडतो. त्याला आम्ही क्रॉलर म्हणतो. टाइप केलेली अक्षरं तो सरळ वाचतो. चित्रात रंगवलेल्या अक्षरांवर मात्र तो फारसा विसंबत नाही. म्हणजे या पानावरून त्याला काय कळलं? लोणार नाही, लॉज नाही, खोल्या तर नाहीतच. त्याला कळले ते किसनमामा.

मी सर्चमध्ये किसनमामांचं पूर्ण नाव टाकलं. वच्छलाई लॉजची वेबसाइट पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत. मग 'लोणार लॉज' टाकलं. पानामागून पानं उलटली, पत्ता नाही.

"आणि हे काय?" मी किसनमामांच्या निकालातल्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं. तिला टायटल म्हणतात. शोधणारा माणूस आधी तीच वाचतो. तिथे लिहिलं होतं, '॥ श्री गणेशाय नमः ॥'.

"सुरुवात देवापासून करा लागते न," सुखदेवराव म्हणाले.

"तुमच्या गाडीच्या पाटीवर काय लिहिलेलं असायचं?"

"लोनार. मेहकर मार्गे."

"श्री गणेशाय नमः लिहून मेहकरच्या स्टँडवर गाडी लावली असती तर?"

ते विचारात पडले. "गाडी रिकामी गेली असती. नाहीतर सबन भजनी मंडळ चढलं असतं."

"आणि पाटीवर ड्रायव्हरच्या मामाचं नाव टाकलं असतं तर?"

"समजलं ताई, समजलं." त्यांनी कपाळावर हात मारला.

लोक वेबसाइट पाहत होते, हे मात्र खरं. आकडे बघितले तर बऱ्यापैकी वर्दळ होती. ती सगळी मेहकर, चिखली, देऊळगाव राजा इकडची. एकेक शुभेच्छुक स्वतःचं नाव शोधत होता, सापडलं की चार जणांना दाखवत होता. त्यातले काही प्रत्यक्ष लॉजवरही आले, सहकुटुंब राहिले, जेवले, आशीर्वाद देऊन गेले. त्यांच्याकडे भाडं कसं मागणार?

मी वही काढायला लावली नाही, फक्त विचारलं, "गाडीत लोक तुम्हाला काय काय विचारायचे?"

कंडक्टर गडी तो. घडाघडा सुरू झाला. "सरोवर स्टँडपासून किती लांब? राह्याची सोय कुठं? लेकरं संगं हायत, खाली उतरता येते का? जेवाले काय भेटते? गरम पानी हाय का? परत जायाले शेवटची गाडी कधी?"

"हेच लोक गुगलला विचारतात. आपण याचीच उत्तरं लिहायची. सरळ, टाइप करून." आमच्या धंद्यात याला कीवर्ड म्हणतात. नाव मोठं आहे, पण गिऱ्हाईक जे शब्द बोलतं ते शब्द, एवढाच त्याचा अर्थ. काही हुशार लोक 'लोणार लॉज लोणार लॉज' असं पानभर लिहून ठेवतात. गुगल त्यांना ओळखतं. शिवाय माणूसही असलं वाचून पळून जातो.

पुढच्या आठवड्यात मी लोणारला गेले. आधी नकाशा उघडला. नकाशावर लॉजची खूण होती एसटी स्टँडवर.

"काऊन हो इथं?" रागावले की माझं पुण्यात कमावलेलं मराठी गळून पडतं.

"सबन तिथंच उतरतात न."

"आणि गाडी घेऊन येणारे? ते स्टँडला येऊन तुमचा लॉज शोधतील, सापडला नाही की दुसरीकडे जातील."

खूण लॉजवर आणली. तिथे लोकांनी दिलेले अभिप्रायही दिसत होते. आमच्या भाषेत रिव्ह्यू. सुखदेवरावांनी नात्यातल्या सगळ्यांना रिव्ह्यू द्यायला सांगितलं होतं. त्यामुळे पाच तारे आणि खाली 'भाऊ तुम आगे बढो'. पाच तारे आणि 'दादांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा'. मध्येच एका चुलत मेव्हण्याने एकच तारा दिला होता. खाली लिहिलं होतं, 'आमच्या पोरीच्या लग्नाले आले नाही.'

"तवा ड्यूटी होती हो," सुखदेवराव कळवळून म्हणाले.

मी ज्याने त्याने आपापला रिव्ह्यू काढायचा हुकूम सोडला. जो राहिलाच नाही त्याने लिहायचं नाही. असले अभिप्राय गुगल उडवतं, आणि परका माणूस ते वाचून लॉज आहे की प्रचार कार्यालय, अशा विचारात पडतो.

मग आला खरा घाट. पहिल्या पानावरून शुभेच्छुक काढायचे.

"ताई, नाही." सुखदेवराव उभेच राहिले. "बाकी काहीही सांगा. माह्या घरात महाभारत होईन."

"काढत नाही. दुसऱ्या पानावर नेते. 'आमचे मानकरी' असं वेगळं पान."

"दुसऱ्या पानावर?" लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवलेल्या व्याह्यासारखा चेहरा झाला त्यांचा. पण ऐकलं.

बदल केला आणि संध्याकाळच्या आत मला फोन. "मी किसन बोलतो, सुखदेवचा मामा. मॅडम, माह्यं नाव पह्यल्या पानावर होतं, आता नाही. मी काय मेलो का?"

"मामा, तुम्हाला स्वतंत्र पान दिलंय."

"सोतंत्र?"

"मानकऱ्यांचं. तुमचं नाव सगळ्यात वर."

"फोटो?"

"फोटोपण टाकते."

"फेट्यातला टाका. धाडतो." फोन बंद. महाभारत टळलं, निदान आदिपर्वापुरतं.

लॉजवर बसून ते पान भरताना मी सुखदेवरावांना म्हटलं, "रामदासभाऊंचा फोटो द्या."

"त्याचा कायले? तो तर घरचाच."

मी यादी पुन्हा वर-खाली केली. किसनमामा होते. साडूचा भाऊ होता. ज्याने लॉजला रंग दिला त्याचंही नाव होतं. रामदास कुठेच नव्हता.

"बॅनरवर होते का?"

"घरच्या मानसाले कोन शुभेच्छुक लिहिते, ताई? थो काय पावना हाय?"

रीत म्हणून बरोबर होतं. पत्रिकेतही आपण घरातल्या मुलाला आग्रहाचं निमंत्रण देत नाही. तेवढ्यात रामदासभाऊच आले. मागे सोयाबीनचा व्यापारी, हातात टेप. दोघं कोपऱ्यातल्या खोलीत गेले. व्यापाऱ्याने भिंतीवर खडूने खुणा केल्या. सुखदेवराव बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांना ते बघवेना.

व्यापारी गेल्यावर मी रामदासभाऊंना विचारलं, "थोडे दिवस थांबत का नाही तुम्ही? काम सुरू झालंय."

ते माझ्या लॅपटॉपकडे बघत राहिले. स्क्रीनवर फेट्यातले किसनमामा होते.

"मॅडम, याचा पाया खनतानी मी होतो. इटा मी आनल्या. स्लॅबवर पानी मी मारलं. उद्घाटनाच्या दिवशी बॅनर लागला, गावभर लोकं पाहून राह्यले. सबन तालुका हाय त्याच्यावर. फक्त मी नाही." मग खाली बघून म्हणाले, "दादाले मी काही बोललो नाही. पन मनात येते न, आपली जागा नाही तर मंग कोनाचीच नको."

सोयाबीनचा भाव, रिकाम्या खोल्या, दिवाळीची मुदत, ही सगळी वरवरची कारणं होती. दोन भाऊ एका अंगणात राहतात आणि एक गोष्ट एकमेकांना विचारत नाहीत.

मी मध्यस्थी करायला गेले नाही. ते माझं काम नाही, आणि त्यात बाहेरच्या माणसाचं तोंड पोळतं. मी फक्त माझं काम केलं. नकाशावरच्या नोंदीत फोन नंबर द्यावा लागतो. तिथे सुखदेवरावांचा नंबर होता. पण ते अनोळखी नंबर उचलत नसत, कारण कर्ज घ्या म्हणून येणाऱ्या फोनचा त्यांनी धसका घेतला होता. मी ओट्यावर गेले आणि म्हटलं, "फोन उचलणारा माणूस पाहिजे. रामदासभाऊंचा नंबर टाकू? आणि पहिल्या पानावर दोघांची नावं. मालक म्हणून."

सुखदेवराव म्हणाले, "टाका न. मालक तर हायच थो. हे काय विचारनं झालं?"

रामदासभाऊ दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. "दिवाळीपरेंतच उचलीन," एवढं बोलून ते बैलांकडे गेले.

एसईओला वेळ लागतो. आज लिहिलं आणि उद्या वर आलं, असं होत नाही. जो कोणी पहिल्या नंबराची हमी देतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावं. पान हलकं केलं, खोल्यांचे खरे फोटो घातले, प्रत्येक फोटोला तो कशाचा आहे हे शब्दांत लिहिलं. टायटल बदललं, 'लोणार सरोवराजवळ राहण्याची सोय, वच्छलाई लॉज'. गणपतीला पानाच्या आत, खोल्यांच्या वर बसवलं. त्यावर कोणाची हरकत आली नाही. आणि मग वाट पाहिली. सुखदेवराव रोज फोन करायचे, "ताई, आज कितव्या नंबरावर?" मी रोज सांगायचे, "मोबाइल ठेवा आणि गाद्यांना ऊन दाखवा."

दिवाळी तोंडावर आली असताना मी मानकऱ्यांचा शेवटचा फोटो घ्यायला लोणारला गेले होते. अंगणात रामदासभाऊंचा फोन वाजला. नाशिकचं कुटुंब होतं. आवाज मोठा होता, सगळं ऐकू येत होतं. गुगलवर तुमचा लॉज दिसला, लहान मुलं आहेत, गरम पाणी मिळेल का, मालकांशी बोलायचंय.

रामदासभाऊंनी डोक्यावरची टोपी नीट केली. फोनवर टोपी दिसत नाही, पण केली. सुखदेवरावांकडे एकदा बघितलं.

"बोला," ते म्हणाले. "मालकच बोलतो."

सुखदेवरावांनी तोंड फिरवलं आणि उपरणं डोळ्यांना लावलं. मीही लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

त्या सुट्टीत आणखीही लोक आले, खोल्या साऱ्याच काही भरल्या नाहीत. आम्ही अजून पहिल्या नंबरावर नाही. पहिल्या पानावर मात्र आहोत, खालच्या अंगाला. व्यापाऱ्याने पुन्हा फोन केला तेव्हा रामदासभाऊंनी त्याला सांगितलं, "जागा नाही, बुकिंग हाय." त्या दिवशी बुकिंग नव्हतं. खडूच्या खुणांवर त्यांनी किल्ल्यांची फळी ठोकली आहे. किसनमामा मला अधूनमधून विचारतात, की त्यांच्या पानाला किती जणांनी भेट दिली. मी आकडा थोडा वाढवून सांगते.

आता नवं गिऱ्हाईक आलं की कीवर्डचं मी नंतर विचारते. आधी विचारते, घरात कोणी रुसलंय का?