पूल हुईपतोर

आमचं गाव नदीपल्याड. सडक, दवाखाना, मलकापूरचा बाजार, समदं अल्याड. उन्हाळ्यात नदीला घोट्याएवढं पाणी, चपला हातात घेतल्या की झालं. पावसाळ्यात मात्र काइलीतनं जायाचं. काईल म्हंजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद झालं की ती नदीवर यायची. माणसं आत उकिडवी बसायची आन पवणारं गडी तिचा काठ धरून ढकलत पल्याड न्यायचं. माझा धाकटा दीर त्यात लई तरबेज.

त्याची बायकू, माझी जाऊ, माझ्यापेक्षा बारकी. हसरी. घरात सासऱ्याम्होरं बी तिला हसू आवरायचं न्हाय.

माझं लगीन झाल्यावर थोड्या वर्सांनी मतं आली. एक सायेब उभं ऱ्हायलं हुतं, आमच्या गावाला पूल देतो म्हणून सांगत फिरत हुतं. त्यांची माणसं जीपमधनं ताट घिऊन आली, ताटात बेलाची पानं आन भंडारा. आमच्याकडं ही रीतच हाय. देवीम्होरं बेल-भंडारा उचलला की मत बांधलं गेलं, मग कुणी फिरत न्हाय. फिरला तर घरावर कोप हुतो म्हणत्यात.

माझा सासरा गावात शाणा. त्यो म्हणाला, उचलतो की, पण बोलायचं आमच्या शब्दात. आन देवळात साऱ्या गावाकडनं वदवून घेतलं, पूल हुईपतोर आमचं मत तुमालाच. त्याला वाटलं, पुलाचं नाव शपथेत आलं, आता सायेब बांधला गेला. गावालाबी तसंच वाटलं. लोकांनी त्याची पाठ थोपटली. बायकांनी बी उचलला. जावंच्या नाकाला भंडारा लागला तर मी पुसाय गेलो, ती म्हणली, ऱ्हाऊ दे की, पूल झाल्यावर पुसू. तिच्या आईला काइलीचं लई भ्या. पावसाळाभर ती माऊली लेकीकडं यायची न्हाय.

सायेब निवडून आलं. मापं घेणारी माणसं आली, दोन्ही काठावर चुना फासलेलं दगड रोवून गेली. पुढं कोण आलं न्हाय. पावसानं चुना धुतला.

मग जावंला दिवस गेलं. ऐन श्रावणात कळा सुरू झाल्या. सुईण म्हणली, मूल आडवं हाय, माझ्या हातचं न्हाय, दवाखान्यात न्या. नदी दोन्ही थडी भरून चाललेली. पण घरात ठिवून तरी काय करायचं. काइलीत वाकळ हातरली, मी आत बसलो आन तिचं डोस्कं मांडीवर घेतलं. दीर आन दुसरा एक गडी पाण्यात. मधल्या धारंला गेलो आन वरनं एक झाड व्हात आलं. काईल गरकन फिरली. मला एवढंच आठवतं, तिनं माझं मनगाट धरलं हुतं.

दिरानं बुडी मारली. गढूळ पाण्यात त्याच्या हाताला केस लागलं. ते धरून त्यानं वर वढलं, तर मी.

ती घावली न्हाय. लई हुडकलं. काईल तेवढी खाली बाभळीत अडकलेली घावली. ठोकून सरळ केली आन दिवाळी झाल्यावर त्याच काइलीत गूळ शिजला. दुसरी काईल कुठनं आणायची? मी त्यो गूळ कवा तोंडात घातला न्हाय. काइलीचा तळ उलथन्यानं खरवडायचा आवाज आला की मी शेताकडं निघून जायाचो. केस धरून वढल्यागत डोस्कं दुखायचं. अजून दुखतं.

दिरानं मला कवा एक शब्द बोलून दाखिवला न्हाय. पण म्होरं बसला तरी माझ्याकडं बघायचा न्हाय.

परत मतं आली. सायेब चपला हातात घिऊन नदीतनं चालत आलं. उन्हाळ्यातच यायाचं ते, त्यास्नी नदी कवा दिसलीच न्हवती. हळहळलं, ह्या खेपेला पूल नक्की म्हणलं. आन गावानं परत त्यांनाच मत दिलं. द्यावंच लागलं. पूल झाला न्हवता आन भंडारा उचललेला. दीर बी गेला मत द्यायला. बोटाची शाई घिऊन आला आन दिवसभर गोठ्यात बसला.

त्या दिवशी भाकरी थापताना माझ्या ध्यानात आलं. सासरा जेवाय बसला तवा म्हणलं, मामंजी, पूल झाला की आपण सुटणार. मग सायेब पूल कशाला बांधंल? सासऱ्याचा हात ताटातच ऱ्हायला. तवापास्नं म्हाताऱ्याचं जेवान तुटलं.

तिसऱ्या खेपंला सायेब आलं तवा देवळात म्होरं आमी बायका बसलो. नेहमी मागं बसायचो. त्यांच्या माणसांनी ताट आणलंच हुतं. म्या ते उचललं आन सायबांम्होरं ठिवलं.

"आमी दोनदा पाळलं. आता तुमी उचला."

सायेब हसलं. "मावशी, देवाला राजकारणात कशाला आणताय?"

मागनं एक म्हातारी बोल्ली, "मग देव काय तुमच्या जीपमधनं आपसूक उतरला व्हय?"

गडीमाणसं हसली. सायबांच्या तोंडाचा रंग उतरला. त्यांनी ताटाकडं बघितलं, पण हात काय म्होरं केला न्हाय. म्या म्हणलं, उचलत नसशिला तर आमास्नी मोकळं करा.

"बरं, मोकळं," ते चिडून म्हणलं. "घाला कुणाला घालायचं त्याला."

ते चपला घालाय लागलं तवर माझा सासरा काठी टेकत उठला. साऱ्या गावाम्होरं हात जोडलं. म्हणला, "सायेब, देवीकडं तोंड करून एकदा परत म्हणा. मी मराय टेकलोय."

 सायबांना म्हणावं लागलं. म्हणलं आन नदीकडं चालाय लागलं, कुणी घालवाय गेलं न्हाय.

त्या साली आमच्या गावानं त्यांना मत दिलं न्हाय. बाकीच्या गावांवर ते निवडून आलं, पण लई घासून. आन दुसऱ्याच उन्हाळ्यात खडी पडली, गवंडी आलं. आमी बांधलेलं हुतो तवर एक दगड हलला न्हवता. सुटल्यावर पूल उभा ऱ्हायला. सासऱ्यानं काय त्यो बघितला न्हाय, आदीच गेला हुता.

उद्घाटनाला सायेब गळ्यात हार घालून आलं. मला वळखलं. इचारलं, "मावशी, झालं का मनासारखं?"

"उशीर झाला, सायेब," म्या म्हणलं. ते खाली बघून पुढं गेलं.

त्याच पावसाळ्यात पयला पूर आला तवा मी पुलावरनं बाजाराला निघालो. मधी पोचलो आन खाली नजर गेली. जुन्या उतारावर, काईल लागायची तिथं, दीर उभा. गुडघ्यापतोर पाणी. म्या हाक मारली, वर या, आता कशाला थांबलाय तिथं?

कितीतरी वर्सांनी त्यानं माझ्याकडं वर बघितलं.

"तुमी जावा, वैनी," म्हणला. "कुणी हाक मारली तर हितं माणूस पायजे."

मी बाजाराला गेलो न्हाय. पुलावरनं माघारी फिरलो, उतार उतरून खाली गेलो आन त्याच्या शेजारी पाण्यात उभी ऱ्हायलो.