फुर्टाडोचं नाक

क्लेटन फुर्टाडोने एकतीस वर्षं लोडाय गावच्या शाळेची बस चालवली आणि त्यातली निदान वीस वर्षं वाइनवर लिहिलं. वाइनला शंभरपैकी गुण देणाऱ्यांची त्याला चीड होती. तो लिहायचा, ही मागच्या बाकावर बसून दंगा करणारी आहे. ही खिडकीजवळची, विचारल्याशिवाय बोलणार नाही. हिला आईने ढकलून पाठवलंय. आमच्या गावच्या साप्ताहिकात महिन्यातून एकदा 'सहा बाटल्या' या नावाने ते छापून यायचं, आणि द्राक्षवाले, म्हणजे जवळजवळ सगळं गाव, आधी ते पान उघडायचे.

त्या सहा बाटल्यांची बैठक माझ्या हार्डवेअरच्या दुकानामागे, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी. बाटल्या खाकी कागदी पिशव्यांत गळ्यापर्यंत गुंडाळायच्या, पिशवीवर आकडा घालायचा, आणि सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय पिशवी काढायची नाही. बाटल्या उघडून गुंडाळणं माझ्याकडे. माझी जीभ काही कामाची नाही हे मंडळींनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. आणि पहिला शब्द नेहमी क्लेटनचा असायचा.

कोरोनातून उठल्यावर मात्र तो शेवटी बोलायला लागला. मला वाटलं, वयाने माणूस नम्र होतो. एवढी वर्षं त्याला ओळखून मला असं वाटावं, यातच माझी अक्कल दिसते.

वर्ष उलटून गेलं. मार्चच्या बैठकीत डोरीन हायटमन वैतागली. या बाईच्या आजोबांनी लावलेल्या झिनफँडेल द्राक्षांच्या वेली नव्वद वर्षांच्या आहेत. हायटमनांनी पिढ्यान् पिढ्या द्राक्षं दुसऱ्यांनाच घातली. स्वतःच्या नावाची बाटली काढणारी ही पहिली. त्या पहिल्या बाटलीबद्दल क्लेटनने आदल्याच वर्षी भरभरून लिहिलं होतं आणि ते कात्रण तिने चौकटीत घालून, पाहुण्यांना वाइन चाखायला देते त्या खोलीत लावलं होतं. ती म्हणाली, "क्लेट, आज तू आधी बोल. शेवटी बोलून आमचंच आम्हाला परत वाढतोस."

तो आधी बोलला. पहिल्या तीन पिशव्या रंगावर आणि जिभेच्या आंबट-तुरटावर निभावल्या. चौथीचा पेला माझ्या हातात होता. कधीकधी बूचच खराब निघतं आणि आतली वाइन नासते, त्यात कोणाची चूक नसते. या पेल्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा असा भपकारा होता की माझ्यासारख्यालाही कळला. क्लेटनने आपला पेला फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले.

"लाल फळं," तो म्हणाला. "थोडी मिरी. खिडकीजवळची पोरगी, पण यंदा हात वर करायला शिकलीय."

एरवी अशी चूक दुसऱ्या कोणी केली असती तर आम्ही त्याला महिनाभर जगू दिलं नसतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. डोरीनने नियम मोडून पिशवी ओढून काढली. बाटली तिचीच होती.

"ही नासलीय, क्लेट. कुत्रं तोंड लावणार नाही."

क्लेटनने पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं की त्याला वास येत नाही, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून.

"मग माझ्या बाटलीबद्दल लिहिलंस ते?"

"तुमच्या तोंडांकडे बघून लिहिलं."

डोरीन उठून गेली. घरी जाऊन तिने ते कात्रण काढलं. चौकट तशीच रिकामी भिंतीवर राहिली. मला तिचा राग आला नाही. मला क्लेटनचा आला, आणि कीवही त्याचीच आली.

पुढच्या अंकात त्याने चार ओळी छापल्या. चौदा महिने मला नाक नाही. या काळात लिहिलं ते फाडून टाका. ज्यांच्याबद्दल चांगलं लिहिलं, त्यांची माफी जास्त मागतो. नाक आलं तर भेटू. आणि सदर बंद.

त्याची बायको ऑरेलिया दुकानात खिळे न्यायच्या निमित्ताने येऊन सांगायची. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ त्याच चार गोष्टी हुंगायला सांगितल्या होत्या: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. येईल किंवा नाही येणार. तो गृहपाठाला बसवलेल्या मुलासारखा स्वयंपाकघरात बरण्या मांडून बसायचा आणि प्रत्येक बरणीपुढे वहीत 'नाही' लिहायचा. "माशात मी दुप्पट लसूण घालते," ती म्हणाली. "खातो आणि छान म्हणतो. खोटारडा मेला." तिनेच मला सांगितलं की त्याला मंगळवारी बोलव, नाहीतर हा माणूस घरात बसून विझून जाईल.

तो आला, पण टेबलापाशी बसायचा नाही. मागे मोरीपाशी उभा राहून पेले विसळायचा आणि विसळण्याआधी प्रत्येक पेला एकदा नाकाशी न्यायचा.

मे महिन्यात डोरीनने माझ्या हातात एक उघडलेली, पुन्हा बूच मारलेली बाटली दिली. ही नासलीय, पाचव्या पिशवीत घाल आणि त्याला सांगू नकोस, म्हणाली. पाहुण्यांसाठी बाटल्या उघडताना एखादी अशी निघतेच. आता ती ओतून न देता बाजूला ठेवत होती. मी तिला फैलावर घेतलं. माणूस आधीच पडलाय, त्याला अजून कशाला टोचतेस?

"लिंबाचा वास परत आला तर त्याला त्याचं काय?" ती म्हणाली. "त्याची मान खाली गेली ती या वासापायी. वर यायची तर यानेच येऊ दे."

"म्हणजे माफ केलंस?"

"कोण म्हणालं?"

मे, जून, जुलै. दर महिन्याला पाचव्या पिशवीपाशी आम्ही सगळे तोंड वाकडं करायचो आणि लगेच सरळ करायचो, कारण या माणसाला तोंडं वाचायची सवय होती. तो पेला नाकाशी न्यायचा, "काही नाही" म्हणायचा आणि नळाखाली धरायचा. ऑगस्टमध्ये मी डोरीनला म्हटलं, पुरे कर. तिने बाटली पुढे केली. सप्टेंबरमध्येही.

ऑक्टोबरात द्राक्षतोड नुकतीच उरकली होती, डोरीनचे तळवे अजून जांभळे होते. क्लेटनने पाचवा पेला उचलला, हुंगला आणि नळाकडे नेता नेता थांबला. पुन्हा नाकाशी धरला. मग दुसरा पेला हुंगून बघितला, तिसरा बघितला, मान हलवली आणि परत पाचव्याकडे आला. नळ तसाच वाहत होता.

"पुठ्ठा," तो अगदी हळू म्हणाला. "ओला पुठ्ठा."

तो रंगाच्या डब्यावर बसला. पेला दोन्ही हातांत धरून तो हुंगत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. जगात कोणी नासक्या वाइनला असं जवळ घेतलं नसेल.

डोरीनने पिशवी काढली आणि बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"माझी आहे. परत सांग."

"तुझी वाइन नासलीय, डोरीन."

"हे लिहिशील?"

"नाव घालून?"

"नाव घालून."

नोव्हेंबरच्या अंकात 'सहा बाटल्या' पुन्हा आलं. या महिन्यात सहापैकी एकीचाच वास आला, त्याने लिहिलं, म्हणून एकीबद्दलच लिहितो. डोरीन हायटमनची झिनफँडेल. नासकी. ओला पुठ्ठा. दोष बुचाचा, वेलींचा नाही. बाकी पाचजणी बसमध्ये चढल्या एवढं दिसलं. त्या कोण होत्या ते कळलं की सांगेन.

ते कात्रण आता त्या रिकाम्या चौकटीत आहे. आलेले पाहुणे वाचतात आणि विचारतात, बाई, स्वतःच्या वाइनची अशी निंदा कोणी भिंतीवर लावतं का?

"ही त्याने स्वतःच्या नाकाने लिहिलीय," डोरीन म्हणते आणि त्यांचा पेला भरते.